कातरवेळेचा उजेड

मावळत्या सूर्याचा उघड्या माळावरचा उजेड साधारण ४०० लक्स असतो. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश उतरला की त्यातले जेमतेम साडेतीन लक्स उरतात. ताडोबाच्या अक्षांशावर या दोन क्षणांमध्ये २२ ते २५ मिनिटं जातात. फोटोग्राफीच्या हिशोबात हा जवळपास सात स्टॉपचा, म्हणजे सात वेळा निम्मं होण्याचा, उतार आहे; दर साडेतीन मिनिटांनी उजेड निम्म्यावर येतो. दिवसभर नाल्याच्या गारव्यात पडून राहिलेला वाघ नेमका याच सुमारास उठतो, आळस देतो आणि पाणवठ्याची वाट धरतो. सफारीच्या जिप्सीतल्या माणसांना याच सुमारास गेट गाठायचं असतं. मंद प्रकाशातल्या वन्यजीव फोटोग्राफीचा सगळा पेच या अर्ध्या तासात सामावलेला आहे.

युरोपात लिहिलेली पुस्तकं संध्याकाळच्या सोनेरी तासाबद्दल भरभरून सांगतात. लंडनच्या अक्षांशावर संधिप्रकाश रेंगाळतो, ऐन उन्हाळ्यात तर पाऊण तासाच्या आसपास टिकतो. विषुववृत्ताला लागून असलेल्या मसाई मारात तो २१-२२ मिनिटांत आटोपतो. आपल्याकडे त्याहून थोडाच जास्त. शिवाय मारा म्हणजे मोकळं गवताळ रान, आणि आपलं जंगल झाडोऱ्याचं. सागाच्या पानांखाली, बांबूच्या रांजीत माळापेक्षा तीन-चार स्टॉप उजेड सहज कमी असतो. त्यामुळे ताडोबात किंवा पेंचमध्ये मंद प्रकाशाची वेळ सूर्य मावळायच्या बरीच आधी सुरू होते. पावसाळ्यात कोअर, म्हणजे जंगलाचा गाभा, बंद असताना भोवतीच्या बफरमध्ये फिरणाऱ्यांना ती दिवसभर पुरते.

तीस-पस्तीस वर्षांपूर्वी या वेळी कॅमेरा बॅगेत जायचा. तेव्हा मासिकांना स्लाइड लागत. कोडॅक्रोम ६४ आयएसओची, फुजीची वेल्व्हिया ५० ची. माळावर सूर्य टेकताना ४०० मिलिमीटरची एफ ५.६ लेन्स आणि ६४ ची फिल्म घेऊन बसलेल्याला शटर एक तृतीयांश सेकंद उघडं ठेवावं लागे. तेवढ्या वेळात वाघाने कान हलवला तरी फोटो गेला. आज त्याच लेन्सवर १२,८०० आयएसओ लावला की शटर १/६५० वर जातं. संवेदनशीलता दोनशे पटींनी वाढली, म्हणजे साडेसात स्टॉप. सूर्यास्तापासून संधिप्रकाश संपेपर्यंत उजेड जितका घसरतो, जवळपास तितकंच अंतर कॅमेऱ्याने एका पिढीत कापलं आहे. हा योगायोग मला फार मोलाचा वाटतो, कारण त्याने प्रश्नच बदलून टाकला. पूर्वी विचारायचो, फोटो येईल का? आता फोटो बहुधा येतोच. आता विचारायला हवं, की फोटोतला हा उजेड आला कुठून? वाट पाहून मिळवला, लेन्सने गोळा केला, कुणी हाताने टाकला, की संगणकाने मागाहून भरला? या चार वाटांपैकी प्रत्येकीची किंमत वेगळी आहे, आणि ती दर वेळी फोटो काढणाराच मोजतो असं नाही.

आधी गोळा करण्याबद्दल. आयएसओ वाढवला म्हणून फोटोत दाणे येतात, असा समज अजूनही पक्का आहे. खरं कारण उजेडाच्या तुटवड्यात आहे. प्रकाश कणांनी येतो आणि ते कण सारखे पडत नाहीत. अंगणात पावसाचे पहिले थेंब पडतात तेव्हा एक फरशी चिंब, शेजारची कोरडी असते. सर जोराची झाली की सगळ्या फरश्या सारख्या भिजतात. सेन्सरवरच्या ठिपक्यांचं तेच होतं. चौपट उजेड मिळाला तर दाण्यांचं प्रमाण निम्मं होतं, चौथा हिस्सा मिळाला तर दुप्पट. आयएसओचं बटण उजेड वाढवत नाही, मिळालेला उजेड मोठा करून दाखवतं. म्हणून दाण्यांच्या भीतीने आयएसओ १,६०० वर अडवून शटर १/४० वर नेणं हा तोट्याचा सौदा आहे. दाणे मागाहून कमी करता येतात, हललेला डोळा स्थिर करता येत नाही.

मग उजेड जास्त गोळा कसा करायचा? इथे लेन्सचा व्यास बोलतो. ६०० मिलिमीटर एफ ४ लेन्सचं तोंड १५० मिलिमीटरचं असतं. २००-६०० च्या लोकप्रिय झूमचं, एफ ६.३ धरलं तर, ९५ मिलिमीटरचं. क्षेत्रफळाचा हिशोब केला तर पहिली लेन्स त्याच वाघाकडून अडीच पट प्रकाश उचलते. कॅमेऱ्याच्या मॉडेलमधल्या फरकांपेक्षा हा फरक बहुतेक वेळा मोठा ठरतो. नायकॉनचा डी३ २००७ मध्ये आला तेव्हा त्याची मूळ श्रेणी ६,४०० आयएसओपर्यंत होती. दोनच वर्षांनी डी३एसने ती १२,८०० वर नेली. त्या काळात नवा कॅमेरा म्हणजे खरंच नवी संध्याकाळ असायची. आताचे सेन्सर पडणाऱ्या प्रकाशाचा इतका मोठा हिस्सा पकडतात की पुढे फार मोठी झेप घ्यायला जागाच उरलेली नाही. पैसे घालायचे तर लेन्समध्ये घालावेत, हे म्हणूनच मला पटतं. पण ४०० एफ २.८ ची किंमत दहा लाखांच्या वर आणि वजन तीन किलोच्या आसपास. सहा माणसांच्या जिप्सीत तिला नीट टेकवायलाही जागा नसते. पुण्या-मुंबईत अशा लेन्स भाड्याने मिळतात, आणि वर्षातून एकदा जंगलात जाणाऱ्याला ते जास्त शहाणपणाचं आहे.

वाघ जवळ असेल आणि उजेड गेला असेल तर मोठी लेन्स खाली ठेवून ८५ मिलिमीटरची एफ १.८ लावावी, असं मी आग्रहाने सांगेन. वाघ चौकटीत लहान दिसतो, पण त्याच्याभोवतीचं तळं, पलीकडचा डोंगर आणि आभाळाचा उरलेला तांबूसपणाही येतो. आपल्याकडे वाघाचं तोंड चौकटभर आलं नाही तर फोटो वाया गेला असं समजतात. या समजापायी कितीतरी सुंदर संध्याकाळी कुणी टिपल्याच नाहीत.

फोकसबद्दल एक गोष्ट जाहिरातींत झाकली जाते. कॅमेरा उणे साडेसहा ईव्हीपर्यंतच्या अंधारात फोकस करतो, असं छापलेलं असतं. (ईव्ही हे उजेडाचं माप, एक ईव्ही म्हणजे एक स्टॉप.) तो आकडा एफ १.२ च्या लेन्सवर मोजलेला असतो. एफ ६.३ ची झूम लावली की जवळजवळ पावणेपाच स्टॉप तिथेच खर्च होतात. म्हणून कातरवेळी डोळा ओळखणारा फोकस गवताच्या पात्यावर जाऊन बसतो. अशा वेळी प्राण्याच्या अंगावरची उजेड-सावलीची कड शोधावी. कानाची किनार, गालावरचा पांढरा केस किंवा मिशांचा बुंधा. काळ्या बिबट्याच्या अंगावर अशी कडच नसते. २०१८ मध्ये ताडोबात काळा बिबट्या दिसला तेव्हापासून तिथे जाणाऱ्या प्रत्येकाच्या मनात तो आहे. पण सावलीतल्या काळ्या अंगावर कॅमेरा फोकस शोधत राहतो आणि सापडला तरी एक्स्पोजर चुकवतो. काळा रंग पाहून कॅमेऱ्याला वाटतं उजेड कमी आहे, म्हणून तो फोटो उजळवतो आणि बिबट्या राखाडी करून टाकतो. तिथे एक-दीड स्टॉप खाली उतरायची छाती हवी.

दुसरी वाट वेळेची. उजेड कमी असेल तर त्याला जास्त वेळ द्यायचा. बसलेल्या वाघाला १/६० पुरतं, श्वास रोखून तो पाहत असेल तर १/३० सुद्धा. चालणाऱ्याला १/२५० हवं. कॅमेऱ्यातली आणि लेन्समधली स्थिरीकरणाची यंत्रणा आपल्या हाताचा थरथराट झेलते, वाघाचं पाऊल थांबवत नाही. हा भेद नवख्यांच्या ध्यानात उशिरा येतो. तिवई जिप्सीत बिनकामाची. तांदूळ भरलेली बीनबॅग गजावर ठेवून तिच्यात लेन्स रुतवली की काम होतं, मात्र ड्रायव्हरने इंजिन बंद करायला हवं आणि मागच्या बाकावरच्यांनी हलायचं थांबायला हवं. उत्तम फोटोचं श्रेय घेताना या पाच माणसांची आठवण ठेवावी. एका दाबात दहा-बारा चित्रं घेतली तर त्यात एखादं तरी स्थिर निघतं, कारण चालणारा प्राणीसुद्धा मधूनच क्षणभर थबकतो. चितळांचा कळप उधळला तर उलट करावं: शटर १/१५ वर न्यावं, कॅमेरा त्यांच्याबरोबर फिरवावा. पाय पुसट होतात, पाठीवरचे ठिपके रेघा होतात, मागचं जंगल वाहू लागतं. हे तंत्र हुकतं फार, पण कातरवेळेची घालमेल ते जशी पकडते तशी १/२,००० चं शटर पकडत नाही.

आता हाताने टाकलेल्या उजेडाकडे येतो. इथला इतिहास जुना आणि अवघड आहे. कार्ल गेओर्ग शिलिंग्ज या जर्मन माणसाने पूर्व आफ्रिकेत रात्रीच्या सिंहांचे फोटो काढले आणि १९०५ मध्ये त्यांचं पुस्तक केलं. त्यासाठी त्याने जिवंत जनावर आमिष म्हणून बांधलं आणि मॅग्नेशियमची पूड भडकवली. अमेरिकेत जॉर्ज शिरास होडीच्या टोकाला दिवा लावून सरोवराकाठच्या हरणांना दिपवत असे. ही शिकाऱ्यांची जुनी पद्धत. त्याने बंदुकीच्या जागी कॅमेरा आणला, आणि पुढे तारेला पाय लागताच प्राणी स्वतःच स्वतःचा फोटो काढील अशी सोय केली. जुलै १९०६ च्या नॅशनल जिऑग्राफिकमध्ये त्याची ७४ छायाचित्रं छापली गेली. आपल्याकडे हा मार्ग एफ. डब्ल्यू. चॅम्पियनने चोखाळला. तो संयुक्त प्रांताच्या वनखात्यातला अधिकारी. शिवालिकच्या पायवाटांवर तार लावून त्याने रात्रीचे वाघ टिपले आणि १९२७ मध्ये त्यांचं पुस्तक प्रसिद्ध केलं. वाघ मारून फोटो काढायचा तो काळ होता. त्या काळात वनखात्याच्याच माणसाने जिवंत, चालता वाघ दाखवला आणि दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात हेही त्या चित्रांतून पुढे आणलं. शिलिंग्जचा आणि चॅम्पियनचा उजेड रासायनिकदृष्ट्या एकच होता. दोघांची जनावराशी वागणूक मात्र वेगळी होती.

आज भारताच्या व्याघ्र प्रकल्पांत सफारीच्या गाडीतून फ्लॅश मारायला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. मांजरकुळातल्या प्राण्यांच्या डोळ्यात पडद्यामागे आरशासारखा थर असतो. न टिपला गेलेला उजेड तो पुन्हा पडद्यावर फेकतो, त्यामुळे माणसाला लागतो त्याच्या सहाव्या हिश्श्यात मांजराचं काम भागतं. अंधाराला सरावलेल्या अशा डोळ्यात जवळून फ्लॅश गेला तर काही क्षण तरी तो डोळा निकामी होतो. शिकारीवर निघालेल्या बिबट्याला किंवा त्याच्यापासून जीव वाचवू पाहणाऱ्या भेकराला ते काही क्षण महाग पडू शकतात.

आफ्रिकेत चित्र एकसारखं नाही. केनियाच्या राष्ट्रीय उद्यानांतून पर्यटकांना सायंकाळी बाहेर पडावं लागतं. माराला लागून असलेल्या राखीव क्षेत्रांत मात्र रात्रीच्या सफरी होतात. झांबियाचं साउथ लुआंग्वा रात्रीच्या बिबट्यांसाठीच ओळखलं जातं. दक्षिण आफ्रिकेतल्या साबी सँडमध्ये गाडीच्या नाकावर बसलेला माग काढणारा हातातला प्रखर दिवा झाडोऱ्यावरून फिरवत जातो. तिथल्या चांगल्या गाईडांनी स्वतःला काही बंधनं घालून घेतली आहेत: हरणं, झेब्रे अशा दिवसा हिंडणाऱ्या प्राण्यांवर दिवा रोखायचा नाही, शिकार चालू असेल तर दिवा विझवायचा, शक्य तिथे लाल काच लावायची. शिकाऱ्याच्या बाजूने किंवा सावजाच्या बाजूने पारडं झुकवायचं नाही, हा त्यामागचा विचार मला मनापासून मान्य आहे. पण गिऱ्हाईक आग्रही असलं आणि बक्षिशी मोठी असली की हा विचार किती टिकतो, हे त्या त्या माणसावर अवलंबून राहतं.

मला यातला सर्वांत स्वच्छ तोडगा नामिबियात दिसतो. एटोशाच्या ओकाउकुएयो मुक्कामी कुंपणापलीकडच्या पाणवठ्यावर रात्रभर स्थिर दिवे असतात. काळे गेंडे आणि हत्ती तिथे येऊन पाणी पितात. दिवा कुणाच्या मागे फिरत नाही, कुणाच्या डोळ्यात अचानक घुसत नाही, माणसं बाकांवर बसून असतात. पाण्यात उमटलेलं गेंड्याचं प्रतिबिंब टिपायला तिवईवर एक दशांश सेकंदही चालतो, कारण पाणी पिणारा गेंडा बराच वेळ खरोखर स्तब्ध असतो. रात्रीचा कृत्रिम उजेड प्राण्यावर अजिबात परिणाम करत नाही, असं कुणी म्हणू नये. पण येणं न येणं तिथे प्राण्याच्या हातात असतं, आणि हाच भेद मला निर्णायक वाटतो.

भारतात ताडोबाच्या बफरमध्येही काही काळ रात्रीच्या सफरी चालल्या. मध्य प्रदेशातही चालल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांतल्या रात्रीच्या पर्यटनावर बंदीचे निर्देश दिले. बफरमधल्या गावांतल्या पोरांचा त्यातून मिळणारा रोजगार गेला, ही तक्रार खोटी नाही, आणि तिला उत्तर द्यायला हवं. तरीही बंदीच्या बाजूने मी ठामपणे उभा आहे. बफर म्हणजे नुसतं पर्यटनाचं मोकळं रान नव्हे. वयात आलेले, आईपासून वेगळे झालेले वाघ कोअर सोडून नवी जागा शोधायला निघतात ते बफरमधूनच, आणि बहुतेक रात्रीच. त्यांच्या वाटेवर दिव्यांच्या गाड्या नकोत.

मंद उजेडाचा आणि गाडी-प्राण्यातल्या अंतराचा संबंध मात्र रात्रीपुरता नाही, तो रोजच्या संध्याकाळच्या सफारीत दिसतो. आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. लेन्सचं तोंड लहान असलं की उजेड कमी येतो. उजेड कमी आला की चौकट कापून मोठी करता येत नाही, कारण कापताना उजेडच फेकला जातो. म्हणून मग ड्रायव्हरला सांगितलं जातं, ‘दादा, अजून थोडी पुढे घ्या ना.’ पहिली गाडी पुढे गेली की दुसरीला दिसत नाही, ती त्याहून पुढे जाते. शेवटच्या वीस मिनिटांत हे सगळ्यात जास्त होतं, कारण तेव्हा उजेड आणि वेळ दोन्ही एकदम हातचे जात असतात. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे गाड्यांच्या गराड्यात सापडले. त्याची चित्रफीत सगळीकडे फिरली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. शिक्षा ड्रायव्हर आणि गाईड यांना झाली. मागच्या बाकांवर कॅमेरे आणि मोबाईल घेऊन बसलेल्यांचं काय, हा प्रश्न मला अजून सोडत नाही. गाडी पुढे घेण्याची मागणी तिथूनच येते. आई आणि बछड्यांमध्ये गाडी शिरली असताना काढलेल्या फोटोत कितीही सुंदर संधिप्रकाश असला, तरी तो फोटो त्या वाघिणीची स्वस्थता हिरावून मिळवलेला असतो.

जगात मंद प्रकाशातले वाघांचे सर्वाधिक फोटो फोटोग्राफरांनी काढलेले नाहीत, ते कॅमेरा ट्रॅपने काढले आहेत. चॅम्पियनची तार आता उष्णता आणि हालचाल ओळखणारा डोळा झाली आहे. वाघांचे अभ्यासक उल्हास कारंथ यांनी नव्वदच्या दशकात कर्नाटकातल्या नागरहोळेमध्ये या यंत्रांनी वाघ मोजण्याची रीत बसवली. पट्ट्यांवरून प्रत्येक वाघ वेगळा ओळखायचा आणि किती नवे, किती पुन्हा आलेले यावरून संख्येचा अंदाज बांधायचा. २०१८ च्या देशव्यापी गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि त्यांनी ३ कोटी ४८ लाखांहून अधिक चित्रं टिपली. त्यातली ७६,६५१ वाघांची आणि ५१,७७७ बिबट्यांची. देखणेपणाच्या हिशोबात यातली बहुतेक चित्रं बसत नाहीत. वाघाचं शेपूटच येतं, नाहीतर नुसती कूस. तरी त्या कुशीवरच्या पट्ट्यांनी जे सांगितलं ते सगळ्या प्रदर्शनांतल्या फोटोंनी मिळून सांगितलेलं नाही.

कॅमेरा ट्रॅपला कलेची जोड मिळाली तेव्हा काय होतं, ते मुंबईने दाखवलं. नयन खानोलकर यांच्या आरे कॉलनीतल्या बिबट्याच्या छायाचित्राला २०१६ मध्ये वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत शहरी विभागाचं पारितोषिक मिळालं. वारली वस्तीतली गल्ली, तिच्यातून जाणारा बिबट्या. तिथल्या लोकांमध्ये राहून, त्यांचा विश्वास मिळवून त्यांनी हे काम केलं आणि महिनोन्‌महिने वाट पाहिली. मला त्यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती उजेडाची. गल्लीत रोज जसा दिव्याचा उजेड पडतो, तसाच वाटेल अशा बेताने त्यांनी फ्लॅश लावले. त्यामुळे तो बिबट्या कुठून तरी आणून ठेवलेला वाटत नाही, त्या गल्लीचा रहिवासी वाटतो. त्याच वर्षी बीबीसीच्या ‘प्लॅनेट अर्थ २’ या मालिकेने मुंबईतल्या बिबट्यांचं रात्रीचं चित्रण उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने केलं. तिथे उजेडाची गरजच पडली नाही. जनावराच्या अंगाची ऊब हाच उजेड झाला. रंग गेला, ठिपके गेले, पण एकाही प्राण्याला त्रास न देता शिकार दिसली.

मग चंद्राचं काय? बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसायची आपल्याकडे जुनी रीत आहे. पूर्वी ती पाणवठ्यावरची प्राणीगणना होती. मोजणीचं काम कॅमेरा ट्रॅपकडे गेल्यावर वनविभागाने ‘निसर्गानुभव’ या नावाने ती चालू ठेवली. तिथे जाणारे अनेकजण विचारतात की चांदण्यात फोटो येतो का. मे महिन्यातल्या पौर्णिमेच्या चंद्राचा उजेड पाव लक्सच्याही खाली असतो. एफ २.८ ची लेन्स, १२,८०० आयएसओ घेतला तरी शटर अर्धा ते पाऊण सेकंद लागतं. एफ ६.३ च्या झूमवर तीन-चार सेकंद. पाणी पिणारं अस्वल तेवढ्या वेळात तीनदा मान हलवतं. म्हणजे फोटो येतो, पण तो अस्वलाचा येईलच असं नाही. पाण्यावरच्या चांदण्याचा येतो, आणि काठावर एक काळी हालचाल.

या चांदण्याच्या फोटोत मला एक गोष्ट खटकत आली आहे. चांदण्यात माणसाच्या डोळ्याला रंग दिसत नाहीत, रंग ओळखणाऱ्या पेशींना तेवढा उजेड पुरत नाही. कॅमेऱ्याला मात्र दिसतात. पुरेसा वेळ दिला की चांदण्यातलं गवत हिरवं आणि आभाळ निळं येतं, जणू दुपारच. मचाणावरच्या एकाही माणसाने न पाहिलेलं दृश्य ते असतं. कातरवेळीही असंच होतं. कॅमेऱ्याचं मीटर सगळं सरासरी उजेडात आणू पाहतं आणि अंधारातून बाहेर आलेला वाघ चार वाजताच्या उन्हातला वाटू लागतो. मी एक्स्पोजर दीड-दोन स्टॉप खाली ठेवतो, आणि दाणे फार असतील तर रंग काढून टाकतो. अंधार फोटोत अंधारासारखा दिसायला हवा, नाहीतर त्या वेळी तिथे असण्याला काही अर्थ उरत नाही.

उरली चौथी वाट, संगणकाची. दाणे कमी करणारी नवी सॉफ्टवेअर शिकवलेल्या नमुन्यांवर चालतात. अडोबीने २०२३ मध्ये लाइटरूममध्ये ही सोय दिली आणि सफारीवरून परतलेल्या प्रत्येकाच्या हातात ती आली. १२,८०० चा फोटो १,६०० चा वाटावा इतका फरक पडतो. मी ती वापरतो आणि तिच्याबद्दल कृतज्ञही आहे. साध्या झूमवाल्या विद्यार्थ्याला तिने दहा लाखांच्या लेन्सच्या पंगतीत बसवलं. पण हा उजेड जंगलातून आलेला नसतो. जिथे कणच पडले नाहीत तिथे काय असावं, याचा अंदाज बांधून ती जागा भरली जाते. मिशीच्या तीन केसांचे दोन होतात, नाकावरची जुनी खूण गुळगुळीत होते, दुरून काढलेल्या वाघाच्या कुशीवरचा फाटलेला पट्टा सांधला जातो. भिंतीवर लावायच्या फोटोत हे चालून जाईल. पण पट्ट्यांवरून वाघ ओळखणाऱ्या माणसाकडे असा फोटो पाठवला तर त्याची दिशाभूल होते. पर्यटकांचे फोटो हल्ली अभ्यासकांना उपयोगी पडतात, तेव्हा त्यांना मूळ रॉ फाइलच द्यावी.

अंधारातल्या फोटोवर विश्वास ठेवणं आधीपासूनच अवघड आहे. वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेची दोन गाजलेली पारितोषिकं काढून घेतली गेली आणि दोन्ही रात्रीच्या चित्रांची होती. २००९ सालचा फाटकावरून उडी मारणारा लांडगा पाळीव, शिकवलेला असल्याचा निष्कर्ष परीक्षकांनी काढला. २०१७ सालच्या चित्रात ब्राझीलमध्ये चमकत्या अळ्यांनी उजळलेल्या वारुळाजवळ मुंगीखाऊ उभा होता. तो पेंढा भरलेला असल्याचं तज्ज्ञांनी ठरवलं. फोटोग्राफरने आरोप नाकारला, पारितोषिक मात्र गेलं. दिवसाच्या फोटोत आजूबाजूचं सगळं दिसत असतं, ते साक्ष देतं. रात्रीच्या फोटोत फोटोग्राफरने उजळवलं तेवढंच दिसतं, म्हणून त्याच्यावरची जबाबदारी वाढते.

आपल्याकडच्या प्रदर्शनांत आणि दिवाळी अंकांत फोटोखाली कॅमेरा, लेन्स, शटर, आयएसओ छापतात. त्यात एक ओळ वाढवावी, अशी माझी संपादकांना आणि संयोजकांना विनंती आहे: उजेड कुठला. ‘सूर्यास्तानंतर दहा मिनिटं, आकाशाचा उजेड’, किंवा ‘पाणवठ्यावरचे कायमचे दिवे’, किंवा ‘कॅमेरा ट्रॅप, दोन फ्लॅश, वनविभागाच्या परवानगीने’, किंवा ‘दाणे सॉफ्टवेअरने काढले आहेत’. गाडी आणि प्राणी यांच्यातलं अंतरही त्याच ओळीत यावं. लिहायला दहा शब्द लागतात, आणि ते लिहावे लागणार आहेत हे ठाऊक असलेला माणूस संध्याकाळी सहाच्या सुमारास ड्रायव्हरशी वेगळं बोलतो.